बोटभर पुढे असलेला अडकतो, उघड पुढे असलेला सुटतो: ऑफसाइड आणि व्हीएआर नेमकं कसं चालतं

प्रश्न असा आहे. २१ एप्रिल २०२४ रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या उपांत्य सामन्यात कॉव्हेन्ट्री सिटीने मँचेस्टर युनायटेडविरुद्ध ०-३ वरून ३-३ अशी बरोबरी साधली. जादा वेळेच्या अगदी शेवटी व्हिक्टर टॉर्पने चौथा गोलही केला, पण आधी त्याचा सहकारी हाजी राइट याच्या बुटाचं टोक बचावपटूंच्या पुढे होतं म्हणून तो रद्द झाला. उलट १४ जानेवारी २०२३ च्या मँचेस्टर डर्बीत युनायटेडचा मार्कस रॅशफर्ड उघडउघड पुढे होता, चेंडूच्या मागे धावलाही, तरी त्याचा सहकारी ब्रुनो फर्नांडिसचा गोल टिकला. मग हा एकच नियम कसा? आणि व्हीएआर, म्हणजे पडद्यावर चित्रं पाहून निर्णय तपासणारा व्हिडिओ साहाय्यक पंच, ऑफसाइड मोजायला ज्या रेषा काढतो त्यांच्यावर विश्वास कितपत ठेवायचा?

नियम एकच आहे, पण त्याच्या पोटात दोन प्रश्न आहेत. पास निघाला त्या क्षणी खेळाडू कुठे होता, हा पहिला. तो मोजण्याचा प्रश्न. तिथे असताना त्याने खेळात काय केलं, हा दुसरा. तो पंचाने ठरवण्याचा. राइटकडे चेंडू आला आणि त्यानेच तो टॉर्पला दिला, त्यामुळे दुसरा प्रश्न उरलाच नाही. फक्त मोजमाप बाकी होतं. रॅशफर्डच्या बाबतीत मोजायचं काही नव्हतं, सगळा वाद त्याच्या धावण्याने बचावपटूंवर परिणाम झाला की नाही याचा होता. ऑफसाइडवरची निम्मी भांडणं हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळल्यामुळे होतात. तंत्रज्ञानाने पहिला प्रश्न बराच सोडवला आहे. दुसऱ्याला त्याचा हातही लागलेला नाही.

कुठे होता?

नुसतं ऑफसाइड जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही. ऑफसाइड जागा म्हणजे काय, हे मात्र काटेकोर ठरलेलं आहे. डोकं, धड किंवा पाय यांचा कोणताही भाग प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्या मैदानात हवा (मध्यरेषा त्यात धरत नाहीत) आणि तो भाग चेंडू व शेवटून दुसरा प्रतिस्पर्धी या दोघांपेक्षाही गोलरेषेच्या जवळ हवा. बरोबरीत असेल तर ऑफसाइड नाही. ही सवलत १९९० पासून आहे. त्याआधी बरोबरीत असणंही पुरेसं नव्हतं, मागेच असावं लागे.

हात धरत नाहीत, ना आक्रमकाचे ना बचावपटूचे, आणि गोलरक्षकाचेही नाहीत. हात कुठून सुरू होतो? काखेच्या तळापासून. म्हणजे खांदा मोजला जातो, दंड नाही. ही व्याख्या २०२०-२१ च्या नियमांत आली, कारण त्याआधी बाहीवर नेमकी कुठे खूण करायची यावर व्हीएआरच्या खोलीत एकवाक्यता होत नव्हती.

'शेवटून दुसरा' हा शब्दप्रयोग पुष्कळ जण 'शेवटचा बचावपटू' असा ऐकतात, आणि तिथेच फसतात. एरवी गोलरक्षक शेवटचा असतो म्हणून दोन्ही एकच वाटतात. तो पुढे निघून गेला की हिशेब बदलतो. कतारमधल्या २०२२ च्या विश्वचषकाचा पहिलाच गोल आठवा. तिसऱ्या मिनिटाला इक्वेडोरच्या एनर व्हॅलेन्सियाने हेडरने चेंडू जाळ्यात टाकला, स्टेडियम उसळलं, आणि गोल रद्द झाला. टीव्हीसमोर बसलेल्या जवळजवळ कोणालाच कारण दिसलं नाही. झालं होतं असं की फ्री किकवर कतारचा गोलरक्षक चेंडूसाठी पुढे झेपावला होता. त्याच्याशी झुंजताना फेलिक्स टोरेसचा चेंडूला स्पर्श झाला, त्या क्षणी मायकेल एस्ट्राडाचा पाय पुढे होता आणि त्याच्या आणि गोलरेषेच्या मध्ये कतारचा एकच खेळाडू उरला होता. गोलरक्षक पुढे गेल्यामुळे शेवटून दुसरा कोणी दुसराच झाला होता. निर्णय अचूक होता.

१९२५ पर्यंत आक्रमक आणि गोलरेषा यांच्यामध्ये दोनऐवजी तीन प्रतिस्पर्धी लागत. एक आकडा कमी केला आणि इंग्लंडच्या फुटबॉल लीगमधले एका हंगामातले गोल ४,७०० वरून ६,३७३ वर गेले. ऑफसाइडच्या शब्दरचनेत केलेला बदल किती खोल जातो, याचं यापेक्षा बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

चेंडूशी तुलना करायची असते, हे विसरू नका. आक्रमक चेंडूच्या मागे किंवा बरोबरीत असेल तर समोर एकही बचावपटू नसला तरी तो ऑफसाइड नाही. गोलरेषेजवळून मागे दिलेल्या पासवर म्हणूनच झेंडा वर जात नाही. पण हे चेंडूच्या जागेमुळे, पासच्या दिशेमुळे नाही. घेणारा चेंडूच्याही पुढे असेल तर पास मागच्या दिशेने गेला तरी तो ऑफसाइड ठरू शकतो: पास निघताना तो पुढे होता आणि मागे धावत येऊन त्याने चेंडू घेतला. "परत मागे येऊन घेतला, मग ऑफसाइड कसा?" हा प्रश्न दर आठवड्याला ऐकू येतो. जागा पास निघतानाची धरतात, चेंडू घेतानाची नाही. गंमत अशी की फ्री किक मात्र जिथे त्याने चेंडू घेतला तिथे मिळते. तो धावत आपल्या अर्ध्या मैदानात आला असेल तर अप्रत्यक्ष फ्री किकही तिथेच.

थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर यांवर थेट चेंडू घेतला तर ऑफसाइड नसतं. थेट, हे लक्षात ठेवा. छोटा कॉर्नर घेऊन तिथून क्रॉस मारला की नियम पुन्हा लागू. कॉर्नर घेणारा स्वतः चेंडू परत घेताना अडकतो तो याच कारणाने.

मैदानाबाहेर पडलेला बचावपटू हा आणखी एक खड्डा. युरो २००८ मध्ये बर्न इथे इटलीविरुद्ध नेदरलँड्सच्या रूड व्हान निस्टलरॉयने गोल केला तेव्हा सगळे ओरडले की तो दोन यार्ड पुढे होता. पण इटलीचा क्रिस्टियन पानुची गोलरक्षकाशी टक्कर होऊन गोलरेषेबाहेर पडला होता, आणि असा खेळाडू गोलरेषेवरच आहे असं धरतात. गोल योग्य होता. तसं नसतं तर एक पाऊल रेषेबाहेर टाकून कोणत्याही आक्रमकाला अडकवता आलं असतं. ही सूट कायमची नाही: खेळ थांबेपर्यंत, किंवा बचाव करणाऱ्या संघाने चेंडू मध्यरेषेच्या दिशेने खेळून तो पेनल्टी क्षेत्राबाहेर जाईपर्यंतच.

कोणत्या क्षणी?

लोक रेषांवर भांडतात. मला विचाराल तर कच्चा दुवा रेषा नाही, क्षण आहे.

जागा ठरते ती सहकाऱ्याने चेंडू खेळला किंवा त्याला स्पर्श केला त्या क्षणी, आणि पहिला स्पर्श धरायचा असतो. बूट चेंडूला चिकटून राहतो तो साधारण एक शतांश सेकंद. प्रक्षेपणाचा कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं टिपत असेल तर दोन चित्रांमध्ये दोन शतांश सेकंदांचं अंतर. म्हणजे संपूर्ण स्पर्शच दोन चित्रांच्या फटीत हरवू शकतो: एका चित्रात बूट अजून पोचलेला नाही, पुढच्यात चेंडू सुटलेला आहे.

आता हिशेब करा. पूर्ण वेगात धावणारा आक्रमक सेकंदाला ८ मीटर जातो. दोन शतांश सेकंदांत तो १६ सेंटीमीटर सरकतो. त्याच वेळी बचावपटू ऑफसाइड सापळ्यासाठी, म्हणजे आक्रमकाला मागे टाकून ऑफसाइडमध्ये अडकवण्यासाठी, उलट दिशेने, सेकंदाला ३ मीटरने, वर येत असेल तर त्यात आणखी ६ सेंटीमीटर. एक चित्र इकडेतिकडे झालं की निकालात २२ सेंटीमीटरचा फरक. बुटाच्या टोकाची बात तर त्यात बुडूनच जाते. म्हणून हाताने काढलेल्या रेषांच्या काळात चार-पाच सेंटीमीटरवर गोल रद्द करणं, ही रेषा जितक्या बारीक दिसत तितकी बारीक गोष्ट कधीच नव्हती. प्रीमियर लीगने २०२१-२२ पासून जाड रेषा आणून, त्या एकमेकींवर आल्या तर फायदा आक्रमकाला द्यायचं ठरवलं, ते शहाणपणाचं होतं. मोजपट्टीची चूक मान्य करून तिचा भार कोणावर टाकायचा हे आधी ठरवणं, यालाच प्रामाणिक मोजमाप म्हणतात.

तिथे असून केलं काय?

ऑफसाइड जागेवरचा खेळाडू तीन प्रकारे दोषी ठरतो. सहकाऱ्याकडून आलेला चेंडू त्याने खेळला किंवा त्याला स्पर्श केला, हा पहिला आणि सोपा. दुसरा, त्याने प्रतिस्पर्ध्याच्या कामात अडथळा आणला. तिसरा, खांब, पंच किंवा प्रतिस्पर्ध्याला लागून उडालेला, अथवा प्रतिस्पर्ध्याने अडवलेला चेंडू त्याला आयता मिळाला. सहकाऱ्याचा फटका गोलरक्षकाने अडवला आणि उडालेला चेंडू आधीपासून पुढे उभ्या असलेल्याने मारला, तर झेंडा वर जातो तो या तिसऱ्यामुळे.

दुसऱ्या प्रकारात चार गोष्टी बसतात. गोलरक्षकाची नजर स्पष्टपणे अडवणं. चेंडूसाठी प्रतिस्पर्ध्याशी झुंजणं. जवळच्या चेंडूकडे स्पष्ट झेप घेणं आणि त्याने प्रतिस्पर्ध्यावर परिणाम होणं. किंवा अशी ठळक कृती करणं की समोरच्याची चेंडू खेळण्याची क्षमता स्पष्टपणे बिघडेल. यात 'स्पष्ट' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो मुद्दाम. गोलरक्षकासमोर नुसतं उभं राहणं पुरत नाही. चेंडू येण्याच्या दिशेत उभं राहून दृष्टी अडवली पाहिजे. फटका डाव्या कोपऱ्यात जात असेल आणि हा उजवीकडे उभा असेल तर दोष नाही, गोलरक्षकाने कितीही हात वर करून तक्रार केली तरी.

रॅशफर्डकडे परत येऊ. त्याने चेंडूला स्पर्श केला नाही, बचावपटूला धक्का दिला नाही, कोणाची वाट थेट अडवली नाही. पंचांनी याच आधारावर गोल धरला. माझं मत वेगळं आहे. तो चेंडूच्या अगदी मागे, फटका मारण्याच्या तयारीत धावत राहिला. गोलरक्षक एडरसनने त्याच्यासाठी जागा धरली आणि बचावपटू त्याच्या हिशेबाने धावले. हा चौथ्या मुद्द्यातला 'ठळक कृतीचा स्पष्ट परिणाम' आहे असं मी म्हणेन. पण याला माझं मत म्हणावं लागतं, मोजमाप म्हणता येत नाही, आणि हाच तर मुद्दा आहे. कितीही कॅमेरे लावा, या प्रश्नावर दोन जाणकार पंच वेगळं बोलू शकतात.

बचावपटूच्या पायाला लागून आलेला चेंडू हा सगळ्यांत किचकट भाग. प्रतिस्पर्ध्याने जाणूनबुजून चेंडू खेळला आणि तो ऑफसाइड जागेवरच्या आक्रमकाकडे गेला, तर आक्रमक सुटतो. नुसता लागून उडाला तर सुटत नाही. १० ऑक्टोबर २०२१ रोजी मिलानमध्ये नेशन्स लीगच्या अंतिम सामन्यात किलियन एमबापे पासच्या वेळी पुढे होता. स्पेनच्या एरिक गार्सियाने घसरत पाय घातला, चेंडूला निसटता स्पर्श झाला, आणि तो 'जाणूनबुजून खेळला' असं धरून गोल दिला गेला. फ्रान्स २-१ ने जिंकलं. पास अडवायचा प्रयत्न करणं हे बचावपटूचं कर्तव्यच. ते केलं म्हणून त्यालाच शिक्षा झाली. त्या गोलावर बरीच टीका झाली आणि २०२२ च्या उन्हाळ्यात नियमाचा अर्थ स्पष्ट करण्यात आला. आता पंच पाहतात की बचावपटूचा चेंडूवर ताबा असण्याची शक्यता होती का: चेंडू लांबून आला आणि तो त्याला नीट दिसला का, वेग फार नव्हता ना, दिशा अनपेक्षित नव्हती ना, शरीर सावरायला वेळ मिळाला का. जमिनीवरून येणारा चेंडू हवेतल्यापेक्षा खेळायला सोपा, हेही धरतात. या शक्यता असतील आणि तरी त्याने चेंडू चुकवला, तर ती त्याची चूक, आक्रमक सुटला. झेप घेऊन, पाय ताणून जेमतेम लागला असेल तर आक्रमक ऑफसाइड. गार्सियाचा स्पर्श आजच्या वाचनात दुसऱ्या गटात पडतो.

ऑफसाइड जागेवरच्या खेळाडूला चेंडू खेळण्यापूर्वी किंवा तसा प्रयत्न करण्यापूर्वीच फाउल केलं तर काय? फाउल आधी घडलं, म्हणून शिक्षा फाउलची. मार्च २०१९ मध्ये वेम्ब्लीवर आर्सेनलविरुद्ध हॅरी केनला पेनल्टी मिळाली ती अशीच, आणि ऑफसाइड असताना पेनल्टी कशी म्हणून बराच गदारोळ झाला होता.

व्हीएआरच्या खोलीत

व्हीएआर २०१८ मध्ये नियमांत आलं आणि त्याच वर्षी रशियातल्या विश्वचषकात वापरलं गेलं. सुरुवातीला ते फक्त चार गोष्टींत हात घालत असे: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड. दोन पिवळ्यांचं लाल त्याच्या कक्षेत नव्हतं, आणि मैदानाच्या मध्यात दिलेला ऑफसाइड तर नाहीच. गोल झाला की त्या आक्रमणाच्या टप्प्यात मागे जाऊन प्रत्येक पास तपासतात, कारण सहकाऱ्याच्या प्रत्येक नव्या स्पर्शाला जागा नव्याने ठरते. व्हीएआरची 'उघड आणि स्पष्ट चूक' ही कसोटी ऑफसाइड जागेला लागू होत नाही. एक सेंटीमीटर असला तरी जागा ही वस्तुस्थिती, म्हणून पंचाला पडद्याकडे जावं लागत नाही. अडथळा होता का, याचा प्रश्न असेल तर मात्र तो पडद्याकडे जातो. टीव्हीवर पंच धावत पडद्याकडे गेला, की समजायचं: वाद जागेचा नाही.

हाताने रेषा काढायची पद्धत अशी. सामन्यापूर्वी कॅमेरे मैदानाशी जुळवून घेतात. मैदान सपाट दिसतं, पण पाणी वाहून जावं म्हणून मध्ये थोडं फुगीर असतं, त्यामुळे सरळ पट्टी ठेवून भागत नाही. गोल झाल्यावर आधी स्पर्शाचं चित्र निवडतात आणि वेगवेगळ्या कोनांतून पडताळतात. मग शेवटून दुसरा बचावपटू ठरवतात आणि त्याचा गोलरेषेच्या सर्वांत जवळचा भाग: कधी गुडघा, कधी खांदा, कधी टाच. पाय जमिनीवर असेल तर काम सोपं. खांदा असेल तर तिथून जमिनीवर लंब सोडावा लागतो, आणि चूक शिरायला ही दुसरी फट. बचावपटूची रेषा पक्की झाल्यावर आक्रमकाची, शेवटी तुलना.

यंत्र चुकलं असं लोक म्हणतात तेव्हा बहुतेकदा माणसाने एखादी पायरी गाळलेली असते. ११ फेब्रुवारी २०२३ या एकाच दिवशी प्रीमियर लीगमध्ये अशा दोन चुका झाल्या. आर्सेनल-ब्रेंटफर्ड सामन्यात ब्रेंटफर्डच्या बरोबरीच्या गोलाआधी एक खेळाडू ऑफसाइड होता, पण त्याच्यासाठी रेषा काढायचीच राहिली. क्रिस्टल पॅलेस-ब्रायटन सामन्यात रेषा काढली, पण चुकीच्या बचावपटूवरून, आणि ब्रायटनचा योग्य गोल गेला.

मग ३० सप्टेंबर २०२३, टॉटेनहॅम-लिव्हरपूल. लुईस डियाझने गोल केला, साहाय्यक पंचाने ऑफसाइडचा झेंडा उचलला. व्हीएआरने रेषा बरोबर काढली, डियाझ मागे होता, गोल द्यायला हवा होता. पण व्हीएआरचा समज असा झाला की मैदानावर गोल दिलेलाच आहे, म्हणून त्याने "तपासणी पूर्ण" एवढंच कळवलं. मैदानावर याचा अर्थ झाला: ऑफसाइड कायम. फ्री किक घेतली गेली. चूक काही सेकंदांत उघड झाली, पण खेळ पुन्हा सुरू झाल्यावर असा निर्णय मागे घेता येत नाही. लिव्हरपूल १-२ ने हरलं. मोजमाप निर्दोष, आणि निकाल चुकीचा. नंतर संभाषणाची पद्धत बदलली: अंतिम शब्द मैदानावर कळवण्याआधी व्हीएआरने आपल्या साहाय्यकाशी निकाल पडताळायचा. विमानचालक आणि शस्त्रक्रियेतले डॉक्टर सूचना मोठ्याने परत म्हणून दाखवतात ती शिस्त फुटबॉलमध्ये इतक्या उशिरा यावी, याचं मला अजून वाईट वाटतं. त्या सवयीला ना कॅमेरा लागतो ना पैसा.

अर्धस्वयंचलित पद्धत

२०२२ च्या विश्वचषकात स्टेडियमच्या छपराखाली १२ स्वतंत्र कॅमेरे होते. ते प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत. चेंडूच्या आत बसवलेला संवेदक सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवी. खरी सुधारणा या संवेदकात आहे. स्पर्शाचा क्षण दोन शतांश सेकंदांऐवजी दोन सहस्रांश सेकंदांपर्यंत पकडता येतो. ८ मीटर वेगाच्या आक्रमकासाठी १६ सेंटीमीटरची अनिश्चितता दीड सेंटीमीटरवर येते. शरीराचे बिंदू अजून ५० वेळाच मोजले जातात, मधली जागा गणिताने भरतात, त्यामुळे एकूण चूक शून्य होत नाही. पण २२ सेंटीमीटरचं भूत गेलं.

'अर्ध' हा शब्द महत्त्वाचा. ऑफसाइड जागेवरच्या खेळाडूकडे चेंडू आला की यंत्रणा व्हीएआरला इशारा देते. स्पर्शाचा क्षण आणि निवडलेला शरीराचा भाग बरोबर आहे का, हे माणूस पाहतो, मग पंचाला कळवतो. प्रेक्षकांना दिसणारं चित्र त्यानंतर तयार होतं.

युरो २०२४ मध्ये डॉर्टमुंडला जर्मनीविरुद्ध डेन्मार्कच्या योआकिम आंदरसनचा गोल थॉमस डिलेनीच्या बुटाच्या टोकामुळे गेला. चेंडूत संवेदक होता. कॉव्हेन्ट्रीच्या निर्णयावर शंका घ्यायला जागा होती, या निर्णयावर जवळजवळ नाही. दोन्ही टीव्हीवर सारखेच कोते दिसतात, पण मोजमापाच्या बळावर त्यांच्यात जमीनअस्मानाचा फरक आहे. इतक्या थोड्यासाठी गोल जावा का, हा नियमाविषयीचा प्रश्न आहे, यंत्राविषयीचा नाही. आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर यांचा प्रस्ताव असा की आक्रमकाचा गोल करू शकणारा कोणताही भाग बरोबरीत असेल तर तो सुटावा. त्याने आक्रमकाला मोकळीक मिळेल, बचाव करणारे संघ खोलवर मागे बसतील, पण सेंटीमीटरचा वाद संपणार नाही. रेषा हलवली की वादही तिच्यासोबत हलतो. मग टाचेच्या मागच्या काठावर भांडणं होतील.

गर्दीत ही यंत्रणाही थकते. खेळाडू एकमेकांना झाकतात, बिंदू हरवतात. मार्च २०२५ मध्ये एफए कपच्या बोर्नमथ-वुल्व्ह्ज सामन्यात भरलेल्या पेनल्टी क्षेत्रामुळे शेवटी हाताने रेषा काढाव्या लागल्या आणि तपासणी सुमारे ८ मिनिटं चालली. प्रीमियर लीगने ही पद्धत १२ एप्रिल २०२५ पासून वापरायला घेतली.

उशिरा उठणारा झेंडा ही व्हीएआरची किंमत. गोलाची थेट संधी दिसत असेल तर साहाय्यक पंच झेंडा राखून ठेवतो, कारण लवकर उचलला आणि चूक निघाली तर गेलेला गोल परत आणता येत नाही. पण तोवर खेळाडू पूर्ण जोराने भिडत राहतात. ११ मे २०२५ रोजी लेस्टरविरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी खांबावर आदळला आणि त्याच्या आतड्याला गंभीर इजा झाली. आधीच्या पासवर सहकारी ऑफसाइड होता. उघड ऑफसाइडला, ज्यात शंकाच नाही, झेंडा थांबवू नये अशीच सूचना आहे. साहाय्यक पंचांनी ती धीटपणे पाळावी.

कॅमेरा नसेल तिथे

आपल्याकडे आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) २०२४-२५ च्या हंगामापर्यंत व्हीएआर नव्हतं. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर तालीम संघ भिडतात किंवा मुंबईत कूपरेजवर लीगचा सामना होतो, तेव्हा सगळा भार टचलाइनवर झेंडा घेऊन उभ्या असलेल्या साहाय्यक पंचावर. तो पंच तुम्ही असाल तर तिथे झेंडा मुद्दाम लांबवू नका; ती पद्धत व्हीएआरसाठी आहे, मागे तपासणारं कोणी नसताना तिला अर्थ नाही. पण 'थांबा आणि पाहा' हे मात्र सगळीकडे लागू: चेंडू कोण खेळतो हे दिसेपर्यंत एक-दोन सेकंद थांबायचं. ऑफसाइड जागेवरचा एकटाच चेंडूकडे जात असेल, दुसरा कोणी सहकारी पोचूच शकत नसेल, किंवा गोलरक्षकाशी टक्कर होणार असेल, तर स्पर्शाची वाट न पाहता झेंडा उचला.

जागा चुकली की नजर चुकते, आणि ती ठरावीक रीतीने चुकते. समजा तुम्ही शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेपेक्षा एकच मीटर मागे, मध्यरेषेकडे, राहिलात. बचावपटू तुमच्यापासून २० मीटर आत आहे. पलीकडे ४० मीटरवरचा आक्रमक एक मीटरपर्यंत पुढे असला तरी तुम्हाला बरोबरीत दिसेल. आणि अलीकडे १० मीटरवरचा आक्रमक ३० सेंटीमीटर मागे असूनही पुढे गेलेला दिसेल. एक मीटरच्या आळसातून दोन उलट्या चुका. तुम्ही रेषेच्या पुढे गेलात तर दोन्ही चुका उलटतात. म्हणून छोट्या हालचालीत मैदानाकडे तोंड ठेवून आडवं सरकायचं, लांब पासवरच सरळ धावायचं. चेंडू बचावपटूच्या पुढे गेला की रेषा चेंडूची.

दुसरी चूक डोळ्यांची. पास देणाऱ्याकडे पाहून नजर रेषेवर आणेपर्यंत आक्रमक मीटरभर पुढे गेलेला असतो आणि झेंडा नाहक उठतो. नजर रेषेवर ठेवा आणि फटक्याचा आवाज ऐका; गर्दी ओरडत असेल तर पास देणारा डोळ्याच्या कडेतून दिसेल इतपतच मान वळवा.

पंचाची शिट्टी झाल्यावर झेंड्याने जागा दाखवायची: तिरका वर म्हणजे पलीकडची बाजू, आडवा म्हणजे मधली, तिरका खाली म्हणजे अलीकडची. शिट्टी आधी, दिशा नंतर. घाईत दिशा आधी दाखवली की पंचाला वाटतं थ्रो-इन आहे.